व्याज हराम, मग ४२ टक्के कसे चालतात?

आपल्या समाजात कर्जाबद्दल दोनच जण मोकळेपणाने बोलतात. एक जुम्म्याच्या बयानात मौलाना आणि दुसरा फोनवरचा वसुलीवाला. पहिला सांगतो, व्याज देणे आणि घेणे दोन्ही हराम. दुसरा सांगतो, उद्या संध्याकाळपर्यंत पैसे भरा. या दोघांच्या मध्ये एक माणूस उभा आहे. त्याच्या पाकिटात तीन क्रेडिट कार्डे आहेत आणि त्यातल्या एकाचीच त्याच्या बायकोला माहिती आहे. त्याच्याशी कोणी बोलत नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि जे त्याच्याशी बोलत नाहीत त्यांच्या विरोधात आहे.

मी एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज खात्यात आयुष्यभर नोकरी केली. निवृत्तीनंतर दर रविवारी मोहल्ल्यातल्या वाचनालयात लोकांचे कागद पाहून देतो. पूर्वी शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डातल्या नावाच्या दुरुस्त्या अशी कामे असत. अलीकडे बाकीचे सगळे गेले की एखादा जण मागे थांबतो आणि पिशवीतून कार्डांची बिले काढतो. हा माणूस जुगारी नसतो, उधळ्याही नसतो. कुणाच्या आईचे हृदयाचे ऑपरेशन झालेले असते, कुणी मुलीच्या लग्नाच्या हॉलची रक्कम कार्डावर भरलेली असते, कुणाची नोकरी पाच महिने गेलेली असते. त्याचा प्रश्न ठरलेला असतो : “चाचा, पर्सनल लोन काढून हे सगळे एकदम फेडले तर चालेल का? की ते आणखी मोठे गुनाह?”

माझे उत्तरही ठरलेले आहे. कार्डावर वर्षाला ४२ टक्के भरणाऱ्याला १६ टक्क्यांचे कर्ज मिळत असेल, तर त्याने ते घ्यावे, कार्डे फेडावीत आणि बंद करावीत. जो त्याला धर्माच्या नावाने अडवतो तो त्याला जास्त व्याज भरायला लावतो. जी बँक त्याचा पत्ता पाहून त्याला नाकारते ती कायद्याची आणि नियमांची पायमल्ली करते. हे दोघे एकमेकांचे विरोधक आहेत असे वरून दिसते. प्रत्यक्षात दोघे मिळून त्या माणसाला कार्डाच्या खुंट्याला बांधून ठेवतात.

आधी हिशेब

भावनेवर बोलण्याआधी आकडे मांडू. तीन कार्डांवर मिळून ३ लाख रुपये थकले आहेत असे धरा. बहुतेक कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे महिन्याचे व्याज १०,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,८९० रुपये. वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, कार्डाच्या व्याजावर आहे, ही गोष्ट कार्ड विकायला येणारा पोरगा सांगत नाही. एकूण झाले १२,३९० रुपये.

आता बिलावर ‘किमान देय रक्कम’ लिहिलेली असते. ती साधारण ५ टक्के धरली तर १५,००० रुपये. हे १५,००० भरल्यावर माणसाला वाटते आपण वेळेवर भरले, इज्जत राखली. त्यातले मुद्दलात किती गेले? २,६१० रुपये. बाकीचे सगळे व्याज आणि कर. त्याने नवी एक रुपयाचीही खरेदी केली नाही आणि दरमहा नेमाने १५,००० भरत राहिला, तरी हे ३ लाख फिटायला सुमारे ४३ महिने लागतात. तोवर त्याच्या खिशातून जवळजवळ ६ लाख ४८ हजार रुपये जातात.

हेच ३ लाख १६ टक्के दराने तीन वर्षांच्या वैयक्तिक कर्जात बदलले तर मासिक हप्ता सुमारे १०,५५० रुपये येतो. तीन वर्षांचे एकूण व्याज ८० हजारांच्या आत राहते. प्रक्रिया शुल्क २ टक्के आणि त्यावरचा जीएसटी धरला तर आणखी ७ हजार. त्याने आधीसारखेच १५,००० भरायची तयारी ठेवली आणि तेवढ्याच हप्त्याचे कर्ज घेतले, तर दोन वर्षांच्या आत सुटका होते आणि व्याज ५१ हजारांच्या आसपास जाते. एकीकडे ३ लाख ४८ हजार, दुसरीकडे ५१ हजार. यातले कोणते जास्त हराम, हे ठरवायला मुफ्ती लागत नाही. चौथीतल्या मुलाला वजाबाकी येते.

कार्डाची खरी गोम आणखी आत आहे. बिलाच्या तारखेपर्यंत पूर्ण रक्कम भरली तर ४५-५० दिवस बिनव्याजी मिळतात. म्हणूनच अनेक मौलाना ‘वेळेत फेडणार असशील तर कार्ड जायज’ असे सांगतात. पण एकदा का रक्कम पूर्ण भरली नाही, की ती बिनव्याजी सवलत जाते. व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागते. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर सवलतीचा प्रश्नच नाही. त्याच दिवसापासून व्याज आणि वर वेगळे शुल्क. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा बिलावर छापण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने केली आहे. तो छापलेला असतो. तो इंग्रजीत असतो, आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असतो.

आणि सरकार काय करते? गल्लीतल्या परवानाधारक सावकाराने किती व्याज घ्यावे याची कमाल मर्यादा राज्य सरकार ठरवून देते. कार्डाला अशी मर्यादा नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दर ठरवणे हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय असल्याचे कोर्टाचे म्हणणे. रिझर्व्ह बँक म्हणते दर वाजवी असावेत. वाजवी म्हणजे किती, हे तिने सांगितलेले नाही. यावर आपल्या संघटनांनी एक तरी निवेदन दिले का? टिपू सुलतानच्या जयंतीवर आपण पाच पत्रके काढतो. ४२ टक्क्यांवर एकही नाही.

मिंबरवरून जे सांगितले जात नाही

रिबाबद्दल कुरआनात कडक शब्द आहेत हे मला माहीत आहे. ते नाकारण्यासाठी हा लेख नाही. पण सूरह आले-इम्रानच्या १३० व्या आयतीत रोख आहे तो दुप्पट-चौपट होत जाणाऱ्या रिबावर. तीन लाखांचे साडेसहा लाख करणारी गोष्ट आज कोणती आहे? ती तर आपण पाकिटात घालून नमाजला जातो. मौलानांना त्या पाकिटाबद्दल काही म्हणायचे नसते. त्यांचा आवाज चढतो तो माणूस बँकेच्या दारात कर्जाचा अर्ज घेऊन उभा राहिल्यावर.

त्यांचा युक्तिवाद असा : जुने व्याज फेडायला नवे व्याज घेणे म्हणजे दुहेरी पाप. ऐकायला बरोबर वाटते. पण जुने व्याज थांबलेले नाही. तो अर्ज करो न करो, दर महिन्याला १२,३९० रुपये जातच आहेत. त्याच्यापुढे ‘व्याज की बिनव्याज’ असा पर्यायच नाही. ‘जास्त की कमी’ एवढाच आहे. दोन हानी समोर असतील आणि दोन्ही टाळता येत नसतील तर हलकी पत्करावी, हा फिकहचा जुना नियम आहे. मदरशात तो शिकवला जातो. मग मोहल्ल्यात तो का आठवत नाही?

बिनव्याजी पर्याय खरोखर हातात असेल तर जरूर द्या. भावाने, सासऱ्याने, जमातीने कर्जे-हसना दिले तर त्याहून चांगले काहीच नाही. पण ‘व्याजी घेऊ नकोस’ म्हणणाऱ्याने ‘मग माझ्याकडून घे’ हे पुढचे वाक्य उच्चारले पाहिजे. ते उच्चारायचे नसेल तर पहिलेही गिळावे.

कर्जदाराला घाबरवण्यासाठी एक हदीस नेहमी सांगितली जाते. एका कर्जदाराचा जनाजा आला आणि हजरत पैगंबरांनी त्याची नमाज पढवायला नकार दिला. बयान इथे थांबते. लोक ‘अस्तगफिरुल्लाह’ म्हणतात, आणि सभेत बसलेला कर्जदार मान खाली घालतो. पण बुखारीत ही घटना इथे थांबत नाही. अबू कतादा उभे राहिले, त्याचे कर्ज माझ्या अंगावर म्हणाले, आणि मग नमाज झाली. पुढे हाती साधने आल्यावर, कोणी कर्ज मागे ठेवून गेला तर ते मी फेडीन, असे पैगंबरांनी स्वतः जाहीर केले. म्हणजे ती हदीस मुळात उरलेल्यांना उद्देशून आहे. ‘तुमच्यातला अबू कतादा कोण?’ असा तिचा प्रश्न आहे. आपण तिचा अर्धा भाग तोडून कर्जदाराच्या डोक्यात मारतो.

सूरह बकराच्या २८० व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला मुदत देण्याची आणि जमल्यास सोडून देण्याची शिकवण आहे. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार मोजले आहेत. त्यात कर्जात बुडालेला माणूस आहे. आपल्या किती मशिदींच्या जकात समित्यांकडे कर्जदारांची यादी आहे? रमजानमध्ये पावतीपुस्तके घेऊन दूरदूरचे सफीर येतात, त्यांना आपण देतो, ते द्यावेच. पण त्याच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाचे मीटर दर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी पळते आहे, हे आपल्याला माहीत नसते. माहीत करून घ्यायचेही नसते.

या भीतीचा फायदा कोणी घेतला तेही आठवा. व्याजाला घाबरलेल्या माणसाला ‘हलाल नफा’ असा शब्द ऐकवला की तो घरातले सोने आणून देतो. हैदराबादच्या हीरा ग्रुपच्या प्रमुखांना ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली. जून २०१९ मध्ये बंगळुरूची आयएमए कोसळली आणि तिचा मालक दुबईला पळाला. पुढच्या महिन्यात तो पकडला गेला. हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकली. त्यात मोठा वाटा विधवांचा आणि निवृत्तांचा होता. मुदतठेवीवरचे ७ टक्के व्याज नको म्हणून त्यांनी सगळे मुद्दल घालवले. हिशेब न शिकवता नुसती भीती शिकवली की हेच होते.

पत्ता पाहून कर्ज

आता बँकांकडे वळू, कारण मौलानांवर टीका करून बँकांना मोकळे सोडणे हा आपल्यातल्या काही पुरोगाम्यांचा आवडता आळस आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँका विशिष्ट वस्त्यांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवतात आणि तिथे कर्ज सहजी देत नाहीत. त्याला आता वीस वर्षे होत आली. मुंब्रा, गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथल्या कुणालाही विचारा. कार्ड विकणाऱ्याला हे पत्ते चालतात. कर्ज मागितले की फोनवरची मुलगी पिनकोड विचारते, क्षणभर थांबते आणि म्हणते, “सर, आपल्या लोकेशनला सध्या सर्व्हिस नाही.” मी स्वतः हे वाक्य ऐकले आहे. नोकरी चालू होती, पगार त्याच शहरातल्या बँकेत जमा होत होता, एकही हप्ता चुकलेला नव्हता. मी लेखी कारण मागितले. तिसऱ्या पत्रानंतर एका ओळीचे उत्तर आले : अंतर्गत धोरण.

कर्ज खात्याच्या टेबलामागे बसलेला माणूस म्हणून मला ठाऊक आहे की सगळे नकार द्वेषातून येत नाहीत. बँक पगाराची पावती पाहते, आयकर विवरणपत्र पाहते, सिबिलचा ३०० ते ९०० मधला गुण पाहते. साधारण ७५०च्या वर असेल तर चेहरा हसरा होतो. चालू हप्ते पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की अर्ज बाजूला पडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जावरचा जोखीम भार १०० वरून १२५ टक्के केला, तेव्हापासून बँकांना अशा कर्जासाठी जास्त भांडवल बाजूला ठेवावे लागते आणि त्या अधिकच निवडक झाल्या. हे सगळे खरे आहे.

पण या नियमांत एक विसंगती आहे आणि ती मी नोकरीत असतानाही बोलून दाखवली होती. कार्डाची किमान देय रक्कम १५,००० आहे, म्हणून या माणसावर आधीच खूप बोजा आहे, म्हणून त्याला १०,५५० हप्त्याचे कर्ज देता येत नाही, असे सांगितले जाते. अहो, ते कर्ज तो बोजा काढण्यासाठीच मागतो आहे! जो महिन्याला १५,००० भरतो तो १०,५५० भरू शकणार नाही, हे कुठले गणित? कर्जाची रक्कम त्याच्या हातात न देता थेट कार्ड कंपन्यांच्या खात्यात भरा, कार्डे बंद केल्याचा कागद घ्या, जोखीम उलट कमी होते. काही बँका असे करतातही. पण हा मार्ग चांगल्या पत्त्यावरच्या, मोठ्या कंपनीतल्या पगारदाराला स्वतःहून फोन करून दिला जातो. आपल्या माणसाला तो आहे हेच कळत नाही.

म्हणून नियम तोंडपाठ ठेवा. कर्ज देताना धर्म, जात, लिंग यावरून भेदभाव करता येणार नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या न्याय्य व्यवहार संहितेत आहे. कर्जाचा अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवणे बंधनकारक आहे. पुढे ही अट लहान-मोठ्या सगळ्या कर्जांना आणि कार्डाच्या अर्जांनाही लागू झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद देणे सक्तीचे आहे, ज्यात सगळे शुल्क धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. बँकेने ३० दिवसांत तक्रारीला उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. वकील लागत नाही. वसुलीवाल्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची मुभा नाही. आपल्यातला एकेकटा माणूस ‘लोकेशनला सर्व्हिस नाही’ ऐकून गप्प घरी जातो. एकाच पिनकोडमधल्या पन्नास जणांनी लेखी कारण मागितले आणि ती पन्नास उत्तरे एकत्र लोकपालापुढे ठेवली, तर ‘अंतर्गत धोरण’ बाहेर येईल.

घरातला हिशेब

आपल्या घरांबद्दलही बोलावे लागेल, नाहीतर हा लेख फुकट.

रोखीचा धंदा करणारे आपले कितीतरी लोक कर वाचवायला उत्पन्न दडवतात किंवा विवरणपत्र भरतच नाहीत. मग कर्ज मागताना महिन्याला ६० हजार कमावणारा माणूस कागदावर १५ हजारांचा निघतो. आधारवर ‘शेख’चे स्पेलिंग एक, पॅनवर दुसरे, एकीकडे ‘मोहम्मद’ पूर्ण, दुसरीकडे तुटका. सिबिलमध्ये दोन वेगळी माणसे तयार होतात, किंवा भलत्याचे थकलेले कर्ज आपल्या नावावर दिसते. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट देणे बंधनकारक आहे. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. घाबरून एका आठवड्यात सात ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि गुण खाली येतो. एजंट ‘सेटलमेंट करून देतो’ म्हणाला तर दहा वेळा विचार करा. ‘सेटल्ड’ हा शेरा अहवालात वर्षानुवर्षे राहतो आणि पुढच्या प्रत्येक दारात आडवा येतो.

सगळ्यात जास्त नुकसान लपवाछपवीने होते. पुरुष कार्डाचे कर्ज बायकोपासून लपवतो. तिला कळते ते वसुलीवाला दारात आल्यावर, किंवा कपाटातल्या बांगड्या नाहीशा झाल्यावर. त्या बांगड्या तिच्या असतात. कधी त्या तिचा मेहेर असतात. तिच्या मर्जीशिवाय त्यांना हात लावायचा हक्क ना शरियत देते ना देशाचा कायदा. बँकेकडे सोने तारण ठेवून मिळणारे कर्ज वैयक्तिक कर्जाहूनही स्वस्त पडते, हे खरे. देवबंदच्या मुस्लिम फंडासारख्या संस्था सोने तारण ठेवून बिनव्याजी कर्ज देतात, हेही खरे. पण तो निर्णय तिचा असला पाहिजे, आणि तो घेण्याआधी तिन्ही बिले तिच्यापुढे मांडलेली असली पाहिजेत. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत कर्ज लिहून ठेवण्याचा, साक्षीदार ठेवण्याचा सविस्तर हुकूम आहे. घरातल्या माणसांपासून लपवलेले कर्ज त्या हुकमात कुठे बसते?

आणि लग्ने! दोन दिवसांच्या वलीम्यासाठी चार वर्षांचे हप्ते. निकाह सोपा करा असे प्रत्येक इज्तेमात सांगितले जाते, आणि इज्तेमाहून परतताना लोक तीनशे पाहुण्यांच्या हॉलची चौकशी करतात. त्या हॉलची पावती कार्डावर फाटते. त्या दावतीला मौलानाही असतात.

वैयक्तिक कर्ज हे औषध आहे, तेही एकदाच घ्यायचे. मी अनेकांना पाहिले आहे : कर्ज मिळाले, कार्डे शून्यावर आली, आणि रिकाम्या मर्यादेचा मोह आवरला नाही. वर्षभरात कार्डे पुन्हा भरली. आता हप्ताही आणि कार्डेही. म्हणून मी कागद पाहायला बसतो तेव्हा कर्जाच्या अर्जाबरोबरच कार्ड बंद करण्याचा अर्जही लिहून घेतो. बाकी शून्य असेल तर अर्ज केल्यापासून कामाच्या ७ दिवसांत कार्ड बंद करावे लागते. उशीर झाला तर कार्ड कंपनीने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. २०२२ पासून हा नियम आहे. तो वापरा.

मग करायचे काय

मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शिक्षणासाठी आणि धंद्यासाठी कर्ज देते. कार्डाच्या विळख्यातल्या पगारदारासाठी त्याच्याकडे जागा नाही. बिनव्याजी बँकिंगची खिडकी उघडण्याचा विषय रघुराम राजन समितीने २००८ साली मांडला, २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच दीपक मोहंती समितीने पुढे नेला, आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो सोडून दिला. त्या खिडकीची वाट पाहत कार्डाचे व्याज भरत बसणे हा तकवा नव्हे.

जे आपल्या हातात आहे ते करू. एका मोहल्ल्यातल्या १०० घरांनी महिन्याला ५०० रुपये बाजूला ठेवले तर वर्षाला ६ लाख जमतात. वर उदाहरणात घेतलेल्या माणसासारखी दोन कुटुंबे त्यात पूर्ण मोकळी होतात, आणि त्यांनी परत केलेल्या पैशांतून पुढची दोन. पण हे काम कुणाच्या कपाटातल्या डब्यात नको. सहकार कायद्याखाली नोंदलेली पतसंस्था करा, दरवर्षी हिशेबतपासणी करा, समितीत बायका घ्या, आणि कर्जदाराचे नाव बाहेर फुटणार नाही याची लेखी हमी द्या. आयएमएनंतर तोंडी विश्वासावर पैसे मागण्याचा अधिकार कुणालाही उरलेला नाही, दाढी कितीही लांब असो.

आणि प्रत्येक मशिदीच्या समितीला दोन प्रश्न विचारा. यंदाच्या जकातीतून किती कर्जदार मोकळे झाले? आणि ज्याला तुम्ही बँकेचे कर्ज हराम म्हणून परत पाठवले, त्याच्या कार्डाचे व्याज या महिन्यात कोणी भरले? पहिल्याचे उत्तर आकड्यात मागा. दुसऱ्याचे उत्तर नसेल, तर त्या माणसाला निवांतपणे अर्ज भरू द्या. त्याच्या शेजारी बसून त्याचे कागद नीट लावून द्यायला कोणी तयार असेल तर फारच चांगले.